बरी

पाचव्या रात्री बुटांच्या खोक्याचा पाट केला,
वर कोरा कागद, पेन, चिमूटभर हळद.
सटवाई येते, बाळाचं नशीब लिहून जाते.
सासूबाई व्हिडिओवरून: पेन चालतंय ना, बघून ठेवा.
हृषीकेशनं तळहातावर रेघ ओढून पाहिली.
चालत होतं.
बाळंतिणीचं कोण लिहितं,
हे मी विचारलं नाही.

डंडीत जूनमध्ये रात्रीचे दहा वाजले तरी उजेड जात नाही.
पडदे ओढले तरी कडांतून आत शिरतो,
थकबाकी मागायला आल्यासारखा उभा राहतो.
ते उठतं. ते पितं. ते रडतं. ते झोपतं.
बाळ म्हटलं की मराठीत ते,
त्या ते-च्या आडोशाला मी राहिले.
नाव ठेवलं होतं, शाल्मली.
तोंडात यायचं नाही.

कधी समुद्रावरून धुकं येतं, त्याला इथले लोक हार म्हणतात.
तो हार, की ती हार?
खिडकीशी उभी राहून मी एवढंच व्याकरण सोडवायचे.

आई म्हणाली, दृष्ट लागली असेल.
मीठ-मोहऱ्या उतरवून तव्यावर टाकल्या,
तडतडल्या, धूर झाला,
आणि छतावरचा अलार्म असा बोंबलला
की खालची मिसेस गॅलोवे अनवाणी वर आली.
टॉवेलनं वारा घालत राहिली.
अलार्म थांबला. मी थांबले नाही.
तिनं फ्रिजवरच्या एका कार्डावर बोट ठेवलं:
हिला फोन कर. मी इथेच उभी आहे.

मॉराग आली. हेल्थ व्हिजिटर.
सोफ्यावर नाही, चटईशेजारी जमिनीवर बसली,
गुडघ्याला धरून, हळूहळू.
एकेक प्रश्न, प्रत्येकाखाली चार चौकटी.
मी म्हणत गेले, फाइन.
म्हणजे बरी.
आमच्याकडे बरी म्हणजे ताप नाही,
बरी म्हणजे स्वयंपाक झालाय,
बरी म्हणजे पुढचं विचारू नका.

तिनं पुढचं विचारलं.
चहात साखर किती, तितक्या सरळ:
स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?

टे नदीवरच्या पुलाकडे
मी तीन आठवडे गेले नव्हते. मुद्दाम.
प्रॅम लांबून वळवायचे,
हृषीकेशला सांगायचे, तिथे वारा फार असतो.
हे तिला सांगितलं.
वाटलं, आता उठेल, बाळाला उचलेल, घेऊन जाईल.
तिचं पेन थांबलं.
सांगितलंस ते बरं केलंस, असं काहीसं म्हणाली,
माझ्या कानांनीच त्याचं मराठी केलं.
मग लिहिलं. माझं. माझ्यासमोर.

त्याच दुपारी डॉक्टर. रोज एक गोळी.
पहिले दहा दिवस नुसतं तोंड कोरडं.
दर मंगळवारी मॉरागचा फोन, दोनच मिनिटं,
कधी मी उचलायचे नाही, तर ती परत करायची.
बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये सहाजणी, मऊ पडलेली बिस्किटं.
कर्स्टी म्हणाली, मला माझ्या मुलाचा वास आवडत नाही.
मलाही, म्हणून इफेओमा खदखदून हसली,
मग दोघी रडल्या, मग कुणीतरी चहा ओतला.
मी चौथ्या बुधवारी बोलले.
हृषीकेश बाहेर गाडीत थांबायचा;
परत यायचे तेव्हा काचांना आतून वाफ धरलेली असायची.

सप्टेंबरात आई म्हणाली, बरी आहेस ना?
नाही, म्हटलं. बरी होतेय.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बंद केला नाही.
दुसरी झाली.
मग म्हणाली,
तुझ्या वेळी मी दीड महिना विहिरीकडे गेले नाही.
पाणी शेजारची गंगूबाई भरून द्यायची.
मी सांगायचे, कंबर दुखते.
कुणी विचारलंच नाही गं.

फोन ठेवून तिनं पाठवलेला लाडवांचा डबा काढला,
मेपासून तसाच, झाकणाला चिकटपट्टी.
एक खाल्ला, उभ्यानंच. डिंक दाढेला चिकटला.
जिभेनं तो काढत असताना
शाल्मली माझ्या तोंडाकडे बघत होती.
ती.